नेढं

शिंप्याच्या घरात एक शब्द दोन वर्षं कुणी उच्चारला नव्हता. शिवी असती तर एक वेळ चालली असती. आत्या चिडली की शिव्यांची त्या घरात ददात नव्हती. पण हा शब्द साधा, भाजीबाजारात टोपलीटोपलीतून हाक मारणारा. त्याच्या जागी खुणा आल्या होत्या. ‘ते पिवळं’ म्हणायचं, नाहीतर नुसतं तोंड वेडंवाकडं करून दाखवायचं. कारण तो शब्द कानावर पडला की गुंडीच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि पाणी सुटलं की तिचा उजवा गाल दगडासारखा व्हायचा.

गुंडी ही शिंप्याची एकुलती लेक. अकरा वर्षांची. जन्मली तेव्हा इवलीशी, गोल गरगरीत, आणि आईनं तिला बघून म्हटलं होतं, “ही तर सदऱ्याची गुंडी.” ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे गाल सुजायला लागला तेव्हा शाळेतल्या पोरांना आयतंच यमक सापडलं, “गुंडीला गालगुंड, गुंडीला गालगुंड.” पहिल्या वेळी बाईंनी तिला घरी पाठवलं, सगळ्यांना होतं म्हणाल्या. पण गालगुंड एकदा येऊन जातं. हा पाहुणा घर बघून गेला होता. ताप यायचा, गाल कानापर्यंत तटतटायचा, आठवडाभर औषधं, पातळ पातळ खाणं, आणि जरा कुठे पोर हसायला लागली की पुन्हा दारात हजर.

तिची आई त्याआधीच्याच थंडीत गेली होती. पोटाचं ऑपरेशन होतं, साधंच म्हणाले होते. भूल दिली, आणि भुलीतून ती परत आली नाही. शिंपी तेव्हापासून ‘भूल’ हा शब्द ऐकला की खाली बघायचा. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोहिनी, आणि भूल म्हणजे तेही. कुणी ठेवले असतील एकाच शब्दात तीन अर्थ, त्याला कधी कळलं नाही.

ती होती तेव्हा दुकानात दोघं शेजारी बसायची. तो मशीनवर, ती हातशिलाईला. काजं, तुरपाई, गुंड्या हे तिचं काम, आणि हात चालले की तोंडही चालायचं. बसल्या बसल्या कोडी रचायची, लेकीला घालायची. कात्रीचं कोडं, इस्त्रीचं कोडं, आत्याच्या घोरण्याचंसुद्धा एक होतं. सगळ्यांत गोड होतं ते त्या पिवळ्याचं. ते ऐकलं की ऐकणाऱ्याच्या गालांत आतून कळ यायची आणि तोंड भरून यायचं. गिऱ्हाईकसुद्धा आवंढा गिळून हसायचं. गुंडीचा गाल सुजायला लागल्यावर घरातून तो शब्द गेला, आणि त्याच्यामागून ते कोडंही गेलं. शिंप्यानं ते मनात घडी घालून ठेवलं, वर दुसऱ्या घड्या ठेवल्या.

आणखी एक गोष्ट बदलली होती, पण ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी तो दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून सुईत ओवायचा. आता मशीनशेजारी पाण्याची वाटी असायची. त्यात बोट बुडवायचा, दोरा पिळायचा. आत्याला वाटायचं, भाऊ शेवटी स्वच्छता शिकला. खरं म्हणजे त्याचं तोंडच कोरडं असायचं.

*

लाळेच्या आजारांवर काम करणारी डॉक्टर बाई दुसऱ्या शहरातून आठवड्यातून एकदा मोठ्या दवाखान्यात यायची. केस आखूड, आवाज मऊ. गुंडीच्या कानाखाली बोटं ठेवून ती बराच वेळ चाचपत राहिली.

“हे गालगुंड नाही,” मग ती म्हणाली. “इथं कानापुढे लाळ बनवणारी ग्रंथी असते. तिथून एक बारीक नळी गालातून येते आणि तोंडात उघडते. हिची नळी कुठंतरी आवळली आहे. पाणी सुटतं, पण त्याला वाट नाही. मग ते साचतं, सडतं, ताप येतो.”

“गाल कापायचा?” आत्यानं विचारलं. ती नेहमी शेवटचा प्रश्न आधी विचारायची.

“नाही. नळीच्या तोंडातूनच आत जायचं. आमच्याकडे एक दुर्बीण आहे, जाड सुईएवढी. आत बघायचं, पाणी सोडून धुवायचं, आवळलेलं सैल करायचं, औषध सोडून बाहेर यायचं. बाहेरून एक टाकासुद्धा नाही.”

“टाका नाही,” शिंपी पुटपुटला. त्याला ते पटायला वेळ लागला.

“अवघड एवढंच, की नळीचं तोंड सापडायला हवं. वरच्या दाढेसमोर, गालाच्या आत असतं. टाचणीच्या टोकाएवढं.”

“म्हणजे नेढं.”

“काय?”

“सुईचं नेढं. दोरा जातो ते भोक.”

डॉक्टर बाईनं तो शब्द तोंडात घोळवून बघितला. “नेढं. बरा आहे की. आम्ही आपलं इतकी वर्षं तोंड तोंड म्हणतोय.” मग तिचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. “हे केलं नाही तर सूज येत राहील. ग्रंथी आतून खराब होत जाईल, आणि एक दिवस ती कापून काढायची वेळ येईल. तिच्यामधून चेहऱ्याची नस जाते. आपण हसतो ना, ती नस.”

गुंडी तोपर्यंत भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होती. ती वळली. “मला झोपवणार?”

आणि लगेच तिनंच पुढे विचारलं, “आईसारखं?”

आत्या उठली. “चल गं, बाहेर पाण्याचा नळ कुठं आहे ते दाखव मला,” म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली. शिंप्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टर बाईनं मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. पुढच्या खेपेला आईचे जुने कागद आणायला सांगितले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ते वाचले. त्यात लेकीला धोका आहे असं काही नाही म्हणाले. हे सगळं बापाला पटलं. पोरीला पटेना. ‘भूल’ म्हटलं की तिचे ओठ पांढरे पडायचे.

शेवटी डॉक्टर बाई म्हणाली, “एवढ्या वयाची मुलं आम्ही झोपवूनच करतो. पण ही शहाणी आहे. गाल बधिर करून, जागेपणी एक प्रयत्न करू. एकच. त्यात नेढं सापडलं तर सापडलं. नाही सापडलं, तर मग भूल. चालेल?”

त्या संध्याकाळी गुंडीनं बापाच्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, “नक्की नाही ना झोपवणार?”

“नाही झोपवणार.”

“शब्द?”

“शब्द.”

आत्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. पोर खेळायला गेल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. “शब्द देऊन बसलास. तुझ्या हातातलं आहे का ते? उद्या नेढं गावलं नाही तर कुठल्या तोंडानं सांगशील?”

“ताई, बघू.”

“बघू म्हणे. बायकोच्या वेळीही बघूच म्हणाला होतास.” हे बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. मग बराच वेळ ती भांडी आपटत राहिली. घासलेलीच भांडी.

*

ऑपरेशनच्या खोलीत बापाला आत येऊ दिलं, हिरवा अंगरखा आणि टोपी चढवून. अंगरख्याची बाही खांद्यावर उलटी जोडलेली होती. दुसरा दिवस असता तर त्यानं बोलून दाखवलं असतं. डोक्याशी एका स्टुलावर बसून त्यानं गुंडीचा हात धरला. वरचा दिवा मोठा, पांढरा. बाजूला एक पडदा, अजून काळा.

“जरा कडू लागेल हं,” म्हणत सिस्टरनं तिच्या गालात बधिर करणारा फवारा मारला. गुंडीला ठसका बसला, मान वळली, अर्धा फवारा जिभेवर गेला. मग एक बारीक सुई. गुंडीनं बापाचा हात करकचून दाबला, पण हलली नाही. दातांमध्ये रबराचा ठोकळा ठेवला, आता तिला बोलता येणार नव्हतं. डोळे तेवढे बोलत होते.

डॉक्टर बाईनं भिंगाचा चष्मा चढवला. एका हातानं कानापासून गालापर्यंत हलके हलके चोळायला लागली, जशी गाईच्या सडाला सवय करावी तशी. ग्रंथीतून एक थेंब पुढे सरकला की तो नेढ्याच्या तोंडाशी चमकतो. तो चमकला की जागा कळते. सगळं त्या एका थेंबावर होतं.

थेंब आला नाही.

तिनं गाल पुसला, पुन्हा चोळला. आतली कातडी गुलाबी, कोरडी, सगळीकडे सारखी. एका ठिकाणी बारीक सळई टेकवून बघितली. “हे नाही.” दुसऱ्या ठिकाणी. “हेही नाही.”

“सिस्टर, ती फोड द्या.”

सिस्टरनं झाकलेल्या बशीतून पिवळी फोड उचलली. शिंपी दचकला. दोन वर्षांत ते पिवळं त्यानं इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. त्याचा हात थांबवायला पुढे निघाला होता, पण त्यानं तो मांडीखाली दाबला. सिस्टरनं फोड गुंडीच्या जिभेवर पिळली. सगळे गालाकडे बघत राहिले.

काही नाही.

“जिभेवर फवारा गेला ना मघाशी,” सिस्टर हळू म्हणाली. “जीभच झोपलीय. तिला आंबट कुठलं कळायला?”

“आणि भीतीनं उरलंसुरलंही आटलंय,” डॉक्टर बाई म्हणाली.

घाबरलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. हे बोलणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण ते पळालेलं पाणी कुणी शोधायला निघालं नसेल. आज पांढऱ्या दिव्याखाली तीन माणसं ते शोधत होती. पोरीच्या एवढ्याशा गालात ते कुठेतरी कोंडून बसलं होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं.

डॉक्टर बाई चष्मा वर करून शिंप्याजवळ वाकली. “मास्तर, बधिरपणा फार वेळ टिकत नाही. आणखी एकदा बघते. नाहीतर आज थांबू. पुढच्या वेळी...”

तिनं शब्द गिळला. पण गुंडीनं तो ऐकलाच. तिनं डोळे वर करून बापाकडे बघितलं. त्या बघण्यात रडणं नव्हतं, ओरडणं नव्हतं. टेपचं टोक बोटाला गुंडाळत विचारलेला प्रश्नच तेवढा होता.

शिंप्याच्या मनात काहीतरी उसवलं. आपण घरात काय बंद केलं होतं? नुसती फोड नव्हती बंद केली. शब्द बंद केला होता. का केला होता? तर या पोरीला चाखावं लागत नाही. ऐकलं तरी पुरतं.

“डॉक्टर,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “जीभ झोपलीय. पण कान जागे आहेत.”

“म्हणजे?”

“तिला शब्दानं पाणी सुटतं. आम्ही म्हणून तर बोलत नाही घरात. मी बोलू का?”

सिस्टरनं डॉक्टर बाईकडे बघितलं. डॉक्टर बाईनं चष्मा खाली ओढला आणि बोटं पुन्हा पोरीच्या कानाखाली ठेवली. “बोला. गुंडी, तू हलू नकोस हं. नुसतं ऐक.”

त्याला नुसता शब्दच उच्चारायचा होता. पण जिभेवर शब्द आला नाही. वरच्या घड्या बाजूला सारत सारत तळाशी ठेवलेलं ते वर आलं, आणि त्याला कळलं की ते तिच्या चालीवरच म्हणावं लागेल, दुसऱ्या कुठल्या चालीवर ते बसतच नाही.

“पिवळा गं झगा,” तो म्हणाला आणि थांबला. घसा सुकला होता. पुन्हा सुरुवात केली.

“पिवळा गं झगा, त्याला शिवण ना धागा,
आत दहा बहिणींना एक इवलीशी जागा...”

गुंडीचे डोळे मोठे झाले. हातातला हात घट्ट झाला. तिनं ओळखलं होतं. शब्द ओळखले होते की चाल, की चालीमागची ती, कोण जाणे.

“थोडं चमकलं का?” सिस्टर कुजबुजली.

“नाही अजून. मास्तर, थांबू नका.”

तो थांबला नव्हता. त्याला दिसत होतं दुकान, दुपारची उन्हं, मशीनच्या पलीकडे मान तिरकी करून दोरा तोडणारी ती. दातांनीच तोडायची. कितीदा सांगितलं, कात्री आहे समोर. ती म्हणायची, कात्रीला कोडी येत नाहीत.

“एकीला टोचली सुई, साऱ्याजणी रडल्या,
ऐकणाऱ्याच्या तोंडी त्यांच्या धारा पडल्या.”

त्याच्या स्वतःच्या गालांत आतून कळ आली. तोंड भरून आलं. त्यानं आवंढा गिळला, तरी पुन्हा भरलं.

“हलू नका कुणी,” डॉक्टर बाई म्हणाली.

गुलाबी कातडीवर, जिथं दोनदा बघूनही काही नव्हतं तिथं, एक थेंब उभा होता. दवाएवढा. दिव्यात चमकत होता आणि डॉक्टर बाईच्या बोटाबरोबर किंचित मोठा होत होता.

“नेढं,” ती म्हणाली.

मग तिचे हात शांतपणे, भराभर चालले. आधी केसासारखी सळई. ती गेली. मग तिच्याहून जरा जाड, मग आणखी जाड, जसं काज हळूहळू मोठं करावं. शेवटी ती दुर्बीण आत सरकली आणि काळा पडदा उजळला.

शिंप्यानं लेकीच्या गालाची आतली वाट बघितली. एक पांढुरकी, अरुंद वाट. नितळ पाण्यात पांढरे पापुद्रे तरंगत होते, दोऱ्याच्या तुटलेल्या टोकांसारखे. पुढे एके जागी वाट आवळलेली होती, नाडी ओढून गाठ मारावी तशी. डॉक्टर बाईनं पाणी सोडलं. पापुद्रे हलले, फिरले, वाहून गेले. पुन्हा पाणी. गाठीशी ती थांबली, टोक तिथं टेकवलं, पाण्याचा दाब थोडा थोडा वाढवत राहिली. गुंडीच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानाकडे गेलं. बापाला कळेना, दुखतंय म्हणून की आणखी कशानं. त्यानं अंगठ्यानं पुसलं.

गाठ सैल झाली. तुटली नाही, फाटली नाही. उघडली.

“झालं,” डॉक्टर बाई म्हणाली. “औषध सोडते आणि निघते बाहेर.”

तोंडातला ठोकळा काढला, तशी गुंडीनं ओठ हलवले. अर्धं तोंड बधिर, जीभ लाकडासारखी. “इंऊ,” ती म्हणाली.

“काय म्हणते?” सिस्टर वाकली. “पाणी हवंय?”

“इंऊ,” गुंडी पुन्हा म्हणाली, जरा रागानं.

शिंप्यानं टोपी काढून तोंडावर दाबली होती. तिच्याआडूनच तो म्हणाला, “उत्तर देतेय. कोड्याचं.”

*

बाहेर आत्यानं पोरीचा गाल बघितला आणि कपाळाला हात लावला. गाल आधीपेक्षा दुप्पट झाला होता.

“आत सोडलेलं पाणी आहे ते,” डॉक्टर बाईनं समजावलं. “उद्यापर्यंत उतरेल. आता ऐका. भरपूर पाणी प्यायचं. रोज गाल असा पुढे चोळायचा. आणि आंबट चोखायचं, दिवसातून चार-पाचदा तरी.”

“आंबट?” आत्या म्हणाली. “अहो, दोन वर्षं मी त्या पिवळ्याला दाराबाहेर ठेवलं. शेजारणीशी भांडले त्याच्यापायी. आणि तुम्ही म्हणता चोखायचं?”

“दुखतं म्हटल्यावर कुणीही बंद करेल. तुमचं चुकलं नाही. पण साचलं की गाळ धरतो. आता वाट झालीय, वाहतं ठेवा.” मग शिंप्याकडे वळून तिनं आवाज उतरवला. “कायमचं गेलं असं वचन देत नाही. एखादवेळी पुन्हा येईल, बहुधा कमी जोरानं. मोठी होता होता मुलांचं हे सुटतं. ग्रंथी आत्ता शाबूत आहे, हसण्याची नसही. आज एवढंच सांगू शकते.”

“एवढं पुष्कळ आहे,” शिंपी म्हणाला.

सकाळी गुंडी उठून दुकानात आली तेव्हा तो एका कोटाचं अस्तर उसवत होता. गाल उतरला होता. थोडा फुगीर, पण मऊ. ती येऊन आईच्या जागेवर बसली. तिथं सहसा कुणी बसत नसे.

“बाबा, तुम्हाला वाटत होतं मी विसरले.”

“काय?”

“कोडं.” ती गुडघ्यांना मिठी मारून बसली. “तुम्ही म्हणायचं बंद केलंत ना, मग मी म्हणायचे. मनात. शाळेतून येताना, नाहीतर आंघोळ करताना. म्हटलं की गाल दुखायचा. मग थोडे दिवस नाही म्हणायचे. मग वाटायचं, नाही म्हटलं तर जाईल ते. मग परत म्हणायचे.”

शिंप्याच्या हातातली कात्री अस्तरात थांबली. “दुखत असताना?”

“हो.”

“मला सांगायचं होतंस, बाळा.”

“तुम्ही मग मनातलंही बंद केलं असतं.”

आतून आत्याची पाट ठेवल्याची, सुरी घेतल्याची चाहूल आली. मग तो वास आला, कापल्याबरोबर साऱ्या घरभर पसरणारा. “अगं ए गुंडी,” आत्या ओरडली, “चोख म्हणाल्यात ना बाई? हे घे तुझं लिंबू.” आणि शब्द तोंडातून गेल्यावर आतली सुरी थांबली.

गुंडी उठली नाही. तिनं तळहात गालावर ठेवला, डॉक्टर बाईसारखा, आणि बापाकडे तोंड करून बसली. “आधी तुम्ही म्हणा. आईसारखं. बघू या.”

त्यानं कोट बाजूला ठेवला. म्हटलं. सावकाश, एकही ओळ न गाळता, सुई टोचेपर्यंत आणि धारा पडेपर्यंत. गुंडी डोळे मिटून ऐकत होती. तिचा गळा एकदा वर-खाली झाला. हात गालावरच होता. ती वाट बघत होती, आणि तोही.

मग तिनं डोळे उघडले.

“नाही दुखलं,” ती म्हणाली. “परत.”